रुळांमधलं अंतर

‘स्विस लेआउट करायचाय ना? मग एक कंपनी धर आणि तिलाच चिकटून राहा. गेजच्या भानगडीत पडू नकोस. लाल डबे, हिरवा उतार, मागे बर्फाचा डोंगर, झालं तुझं स्वित्झर्लंड. फरक कोण बघतो?’

आमच्या महिन्याच्या बैठकीत काकांनी एका नव्या मुलाला हा सल्ला दिला आणि मुलगा तो वहीत उतरवून घेऊन घरी गेला. काका आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. रुळाला वायर सोल्डर करायला मी त्यांच्याकडे शिकलो. सांध्याची मोटर फळीखाली कशी बसवायची तेही त्यांनीच हात धरून दाखवलं. त्यामुळे चारचौघांत मी गप्प बसलो. पण तो सल्ला मुळातच चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. तो ऐकून माणसं पैसे घालवतात, दोन वर्षांत त्यांचा जीव त्या फळीवरून उडतो आणि खोकी माळ्यावर जातात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून काकांचा मान राखून, पण त्यांच्या म्हणण्याला धरून, हे उत्तर लिहितो आहे.

‘स्विस रेल्वे’ नावाची एकच एक वस्तू अस्तित्वात नाही. एसबीबी ही तिथली राष्ट्रीय रेल्वे, ती १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावते. लोएचबर्ग बोगद्याची बीएलएसही तशीच. पण ग्राउब्युंडेन प्रांतातली रेटिश रेल्वे, त्सेरमाटला जाणारी मॅटरहॉर्न-गॉटहार्ड रेल्वे, ल्युसर्नहून ब्र्युनिग खिंड ओलांडून इंटरलाकेनला उतरणारी त्सेन्ट्रालबान, या सगळ्या मीटर गेजवर, म्हणजे बरोबर १००० मिलिमीटरवर चालतात. कॅलेंडरवर आणि पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर आपण जी लाल गाडी बघतो, कमानींच्या उंच पुलावरून वळत थेट कड्याच्या पोटात शिरणारी, ती रेटिश रेल्वेची. आणि गॉटहार्डच्या घाटातून इटलीकडे मालगाड्या ओढत नेणारं सहा आसांचं हिरवं इंजिन, ते एसबीबीचं. या दोघी एकमेकींच्या रुळावर चढू शकत नाहीत. खूर ते डोमात-एम्स या लहानशा तुकड्यात दोन्हींना एका वाटेने न्यायचं होतं, तर तिथे तिसरा रूळ टाकावा लागला. मग ‘स्विस लेआउटसाठी कोणता ब्रँड’ या प्रश्नाला उत्तर कसं असेल? प्रश्नच अर्धा आहे. कोणती दरी, कोणता मार्ग, कोणतं साल, हे आधी सांगा. कंपनीचं नाव त्यानंतर येतं, आणि पुष्कळदा आपोआप येतं.

आता ‘फरक कोण बघतो’ याचं उत्तर. हे वाक्य काकांनी मिरजेत उच्चारून दाखवावं. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉड गेज झाला, आणि त्यानंतर बरीच वर्षं मिरज जंक्शनवर तिन्ही गेज शेजारी शेजारी नांदत होती. पुण्याकडची ब्रॉड, लोंढ्याकडची मीटर, पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाइटची नॅरो. त्या फलाटांवरून ट्रंका, वळकट्या आणि पोरं सांभाळत एका गाडीतून दुसरीत गेलेल्या माणसाला विचारा. डब्याची रुंदी, फलाटाची उंची, डब्याचं हलणं, इंजिनाचा आवाज, खिडकीतून दिसणारी माती किती जवळ आहे, सगळंच वेगळं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एवढं पुस्तकात लिहितात. पण त्या अंतरातून अख्खी रेल्वे उगवते. मीटर गेज वळायला हलकं, म्हणून ती डोंगराच्या अंगाला चिकटून जाते. चिकटून जाते म्हणून तिचे पूल वाकडे, बोगदे चक्राकार, स्टेशनं चिंचोळी. लांडवासरचा पूल ६५ मीटर उंच आहे आणि १०० मीटर त्रिज्येच्या वळणात उभा आहे. ते वळण शक्य झालं ते मीटर गेजमुळे. तुम्ही पूल ठेवलात आणि गेज बदललंत, तर पूल तिथे का आहे याचं कारणच तुम्ही काढून टाकलंत.

काही जणांच्या मनात मीटर गेज म्हणजे कमी दर्जाची, खेळण्यासारखी रेल्वे, असंही असतं. २९ ऑक्टोबर २०२२ ला याच रेटिश रेल्वेने आल्बुला मार्गावरून, लांडवासरच्या पुलावरून, १०० डब्यांची सुमारे १.९ किलोमीटर लांबीची प्रवासी गाडी नेऊन जागतिक विक्रम केला. चारचार डब्यांचे पंचवीस संच एकमेकांना जोडलेले, आणि सगळी वाट उताराची. खेळण्याने हे होत नाही.

मॉडेलमध्ये हिशोब असा बसतो. एचओ म्हणजे १:८७. स्टँडर्ड गेज त्यात १६.५ मिलिमीटर होतं. मीटर गेज १२ मिलिमीटर होतं, त्याला एचओ-एम म्हणतात. एन म्हणजे १:१६०; त्यात स्टँडर्ड गेज ९ मिलिमीटर आणि मीटर गेज ६.५ मिलिमीटर. बागेतल्या मोठ्या गाड्यांचं माप १:२२.५, रूळ ४५ मिलिमीटर, आणि ते माप मुळात मीटर गेजसाठीच योजलेलं आहे. ही आकडेमोड पाचवीतलं मूलही करील. तरी काका नव्या माणसाला हमखास एन गेजमधली ग्लेशियर एक्स्प्रेस सुचवतात, कारण आपली घरं लहान.

तर त्या गाडीबद्दल सरळ बोलू. जपानची काटो कंपनी एनच्या ९ मिलिमीटर रुळावर रेटिश रेल्वेच्या गाड्या काढते, ही ग्लेशियरही त्यांतलीच. मोटर अलगद चालते, रंगकाम स्वच्छ, दिवे नाजूक. जपानी लोकांचं या रेल्वेवर प्रेम असायला कारणही आहे: हाकोनेची डोंगरी रेल्वे आणि रेटिश रेल्वे १९७९ पासून भगिनी रेल्वे आहेत. मी या गाड्यांना नावं ठेवत नाही. पण माप बघा. काटोची ही मॉडेलं १:१५० ची आहेत. ९ गुणिले १५० म्हणजे १३५०. मूळ रेल्वेत जिथे १००० मिलिमीटर आहेत तिथे मॉडेल १३५० सांगतं आहे. एकटी गाडी गोल फिरवायची असेल तर चालेल, डोळ्यांना आनंदच होईल. पण काका त्याच फळीवर, त्याच रुळावर, १:१६० मधली एसबीबीची गाडीही फिरवायला सांगतात. त्या गाडीसाठी ९ मिलिमीटर अगदी बरोबर आहेत. म्हणजे एकच रूळ एका गाडीखाली खरा आणि दुसरीखाली खोटा.

माझी स्वतःची सुरुवात अशीच झाली होती. खूर स्टेशन करायचं ठरवलं होतं. खूर म्हणजे दोन गेज भेटतात ती जागा. झुरिककडून आलेला माणूस मोठ्या गाडीतून उतरतो आणि अरोसाच्या नाहीतर सेंट मॉरिट्झच्या छोट्या लाल गाडीत बसतो. मी फलाटाच्या एका बाजूला हिरवी गाडी उभी केली, दुसऱ्या बाजूला लाल. दोन्ही डबे जवळजवळ सारख्याच रुंदीचे. फलाटाच्या मध्यावर मी प्लास्टिकची माणसं चिकटवली होती, सामान हातात घेतलेली, गाडी बदलणारी. ती एका गाडीतून तशाच दुसऱ्या गाडीत चालली होती. त्यांच्या चालण्याला अर्थच राहिला नव्हता. गाड्यांत काही खोट नव्हती, चूक माझ्या निवडीत होती. ते स्टेशन मी उचकटलं.

‘घरं लहान म्हणून एन’ हा काकांचा मुद्दा मला खोडायचा नाही, उलटा करायचा आहे. रेटिश रेल्वेच्या बेर्निना मार्गावर वळणाची किमान त्रिज्या ४५ मीटर आहे. १:८७ मध्ये ती ५२ सेंटिमीटर होते. म्हणजे सव्वा मीटर रुंदीच्या फळीवर बेर्निनाचं अर्धं वर्तुळ कसलीही काटछाट न करता, खऱ्या मापाचं बसतं. ब्रुझिओचा तो प्रसिद्ध गोल पूल, जिथे गाडी स्वतःच्याच खालून निघते, त्याची त्रिज्या ७० मीटर. आपल्याकडे ८० सेंटिमीटर. एका खोलीची भिंत पुरते. आता गॉटहार्ड घ्या. जुन्या घाटात वळणाची त्रिज्या साधारण ३०० मीटर. १:८७ मध्ये साडेतीन मीटर त्रिज्या, म्हणजे सात मीटरचं वर्तुळ. पुण्या-मुंबईच्या कोणत्या फ्लॅटमध्ये ते बसणार आहे? म्हणून लोक तयार संचातला ३६ सेंटिमीटर त्रिज्येचा रूळ वापरतात. मूळ मापात ते वळण ३१ मीटरचं झालं. एसबीबीचा चौथ्या पिढीचा युनिट डबा २६.४ मीटर लांब, मॉडेलमध्ये ३० सेंटिमीटर. तो ३६ च्या वळणावर घाला आणि वरून बघा. डब्याचं पोट आत येतं, टोकं बाहेर जातात, बाजूच्या रुळावरच्या गाडीला घासतात. लहान घर ही अडचण असेल तर तिचं उत्तर मीटर गेजमध्ये आहे. स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरांनीही जागेच्या अडचणीला हेच उत्तर दिलं होतं.

एनचा मला तिटकारा नाही. ज्याला गॉटहार्डच हवा आहे, ज्याला तीस डब्यांची मालगाडी वासेनच्या चर्चला वळसा घालताना बघायची आहे, त्याने एनच घ्यावं. तो घाट १८८२ मध्ये सुरू झाला. वासेनला रूळ डोंगरात गिरक्या घेत चढतात आणि गावातलं एकच चर्च प्रवाशाला तीन वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं: आधी मान वर करून, मग समोर, मग खाली. हे दृश्य लांबी मागतं, खोली मागतं, आणि १:१६० ते देऊ शकतं. मिनिट्रिक्स, फ्लाइशमन, हॉबीट्रेन, अर्नोल्ड, कुणाचंही इंजिन घ्या. मार्ग ठरला की माप ठरतं, माप ठरलं की ब्रँडची यादी चारपाच नावांवर येते. या क्रमाला माझा आग्रह आहे. काका तो उलट्या टोकाकडून सांगतात.

एकाच कंपनीच्या निष्ठेमागे एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करतो. काका मेर्कलिनवर वाढले. मेर्कलिनच्या एचओ रुळात मधोमध बारीक ठिपक्यांची रांग असते. वीज तिथून वर येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे रूळ फिरवून परत स्वतःलाच जोडला तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि एक ऋण, तिथे असा फास केला की शॉर्ट ठरलेलं. वेगळी जोडणी करावी लागते. घाटाच्या लेआउटमध्ये डोंगराखाली लपवलेले फास लागतातच, तेव्हा ही सोय मोठी आहे. १९४७ मध्ये मेर्कलिनने एचओमध्ये ‘मगर’ नावाने ओळखलं जाणारं गॉटहार्डचं इंजिन आणलं, आणि त्या इंजिनाने कित्येकांना या छंदात ओढलं. काकांची निष्ठा तिथून आलेली आहे आणि ती मला समजते.

पण तीन रूळ की दोन, ही पद्धतीची निवड आहे, ब्रँडची नाही. स्वित्झर्लंडची हाग कंपनी आपली इंजिनं दोन्ही पद्धतींत काढत आली, ऑस्ट्रियाची रोकोही काढते. डब्यांची गोष्ट तर आणखी सोपी. युरोपातल्या छांदिष्टांच्या संघांचा महासंघ १९५४ पासून मापं ठरवतो आहे, आणि त्यांच्या ३६२ क्रमांकाच्या प्रमाणानुसार कपलिंगची खाच बहुतेक सगळ्यांकडे सारखी असते. एका कंपनीचं कपलिंग उपटा, दुसरीचं खोचा, दहा सेकंदांचं काम. डिजिटल डिकोडर आले तेव्हापासून इंजिनाच्या पोटातला मेंदूसुद्धा बदलता येतो. काका तरुण होते तेव्हा एक कंपनी धरणं भागच होतं. ते दिवस सरले.

निष्ठा ठेवायची तरी कुणावर? ट्रिक्स १९९७ मध्ये मेर्कलिनकडे गेली. एलजीबी, बागेतल्या गाड्यांचं सगळ्यांत मोठं नाव, २००६ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि पुढल्या वर्षी मेर्कलिनने घेतली. रोको २००५ मध्ये बुडता बुडता नव्या मालकाकडे आली आणि २००८ मध्ये त्याच घराने फ्लाइशमन विकत घेतली. अर्नोल्ड आणि रिवारोसी इंग्लंडच्या हॉर्नबीकडे आहेत. खोक्यावरचं नाव तेच राहतं. कारखाना, साचे, माणसं बदलतात. आपण ज्याला चिकटून राहतो ते पुष्कळदा फक्त त्या नावाचं अक्षरलेखन असतं.

आणि एकाच कंपनीने सगळं घेतलं तरी लेआउट खरा होईल याची हमी नाहीच. रेटिश रेल्वेची एचओ-एम मॉडेलं म्हटली की पहिलं नाव बेमोचं. तुम्ही बेमोचं जी-ई ४/४ तीन हे इंजिन घेतलंत, बेमोचेच बेर्निना एक्स्प्रेसचे डबे घेतलेत, आणि ओस्पिझिओ बेर्निनाच्या २२५३ मीटर उंचीवरच्या तळ्याकाठी गाडी उभी केलीत. ब्रँड एक, गेज एक, रेल्वेही एक. तरी दृश्य खोटं. रेटिशच्या मुख्य जाळ्यावर ११ हजार व्होल्टची एसी वीज आहे आणि बेर्निना मार्गावर १ हजार व्होल्टची डीसी. ते इंजिन त्या तारेखाली चालूच शकत नाही. २०१० मध्ये अलेग्रा गाड्या आल्या, दोन्ही विजा पचवणाऱ्या; त्या तिथे शोभतात. त्याआधीच्या काळात बेर्निनावर तिच्या स्वतःच्या मोटरगाड्या, हजारात सत्तरचा चढ दात्यांच्या रुळाशिवाय चढणाऱ्या, मागे प्रवासी डबे आणि त्यांच्यामागे लाकडाचे ओंडके लादलेल्या वाघिणी जोडून जाणाऱ्या. हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमधून मिळत नाही, कारण कॅटलॉगला सगळंच विकायचं असतं.

‘स्विस विषय, तर निदान कंपनी तरी स्विस हवी’ असं आमच्यातले दुसरे एक मित्र म्हणतात. भावना चांगली आहे. हाग ही १९४४ मध्ये गालर बंधूंनी काढलेली कंपनी. तिची धातूच्या अंगाची जड इंजिनं हातात घेतली की सोडवत नाहीत. पण हागने एसबीबीची, मोठ्या गेजची इंजिनं केली. ज्याला आल्बुला करायचा आहे त्याला त्या इंजिनाचा काय उपयोग? बेमो जर्मनीतल्या उइंगेनची, म्हणजे मेर्कलिनच्या ग्योपिंगेनच्या शेजारच्या गावातली. विजेच्या तारांचे खांब करणारी झोमरफेल्टही जर्मन. स्विस देखावा बहुतांशी स्वित्झर्लंडबाहेर घडवला जातो आणि त्यात कमीपणा काही नाही.

हा मुद्दा मराठी माणसाला तर सहज पटावा. एसबीबीने १९१९ ते १९२२ या काळात गॉटहार्डसाठी ३३ इंजिनं बांधून घेतली. मधे उंच केबिन, पुढे-मागे लांब निमुळती नाकं, चाकांना जोडणारे दांडे. त्यांनाच मगर म्हणतात. ज्या विंटरथुरच्या कारखान्याने त्यांचे सांगाडे घडवले, त्याच कारखान्यातून १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेसाठी तशाच बांध्याची इंजिनं निघाली आणि बोर घाटात, थळ घाटात मालगाड्या ओढू लागली. उरलेली इंग्लंडात बांधली गेली. बोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे हजारात २७. गॉटहार्डच्या घाटाचा चढही तेवढाच. आपल्या लोकांनी त्या इंजिनाला मगर म्हटलं नाही, खेकडा म्हटलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज काढायचं आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज यायचा. माझे मामा कर्जतला नोकरीला होते. पावसाळ्यात घाटाखाली उभा असलेला खेकडा लांबून ऐकू यायचा, असं ते सांगत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात त्यातला एक अजून उभा आहे. तो स्विस की मराठी? ज्या घाटाने त्याला घडवलं, ज्या चढासाठी त्याचे दात आणि दांडे मोजले गेले, त्याचा तो. कारखान्याची पाटी त्यानंतर. मॉडेलच्या खोक्यावरच्या पाटीला मी त्याहून जास्त मान का द्यावा?

मग दुकानात शिरण्याआधी काय बघायचं? मला विचाराल तर छपरावर बघा. स्वित्झर्लंडचं जवळजवळ सगळं जाळं विजेचं आहे, त्यामुळे तार आणि पँटोग्राफ हा तिथल्या देखाव्याचा अर्धा भाग आहे. स्विस पँटोग्राफची पट्टी १४५० मिलिमीटर रुंद असते, जर्मन १९५० मिलिमीटर; जुन्या बोगद्यांच्या कमानींत रुंद पट्टी मावत नाही. एचओमध्ये हा फरक १६.७ आणि २२.४ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा. जर्मन इंजिनाच्या साच्यावर स्विस रंग मारून विकलेला माल इथे ओळखू येतो. दुसरं, दुहेरी मार्गावर गाड्या कोणत्या बाजूने जातात. स्वित्झर्लंडमध्ये डावीकडून, आपल्या मध्य रेल्वेसारख्याच, जर्मनीत उजवीकडून. जर्मन पुस्तकातला तयार आराखडा जसाच्या तसा उतरवणारे इथे चुकतात, आणि कल्याण-कर्जत रोज पाहिलेला आपला माणूसही पुस्तकावर विश्वास ठेवून चुकतो, याचं मला वाईट वाटतं. तिसरं, साल. तिसरा वर्ग १९५६ मध्ये गेला. दर तासाचं ठरीव वेळापत्रक १९८२ मध्ये आलं. हिरवी इंजिनं लाल होऊ लागली ती १९८० च्या दशकात. स्टेशनवरचं ते लाल सेकंदकाट्याचं प्रसिद्ध घड्याळ हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये आखलं, सेकंदकाटा त्यानंतर जोडला गेला. कोळशाच्या इंजिनामागे नव्या काचेच्या छताचे डबे जोडून त्यावर ते घड्याळ टांगलं की कोणतंच साल उरत नाही.

‘पण माझा लेआउट काल्पनिक आहे’ ही शेवटची ढाल. फ्रिबूर्गजवळ केसरबर्गचा प्रचंड लेआउट आहे. त्याचा डोंगर, त्याची गावं नकाशावर सापडणार नाहीत. तरी काळ त्यांनी एक धरला, १९९० च्या दशकातला, आणि तो सोडला नाही. गाव काल्पनिक असू द्या, पण त्या गावात गाडी का येते, कुठून येते, ती कोणत्या तारेखालून चढते, हे ठरलेलं असलं पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खराच आहे. आवाजासकट एका चांगल्या स्विस इंजिनाला तीन-चारशे युरो पडतात, वर जकात आणि टपाल. म्हणूनच तर मी मार्ग आधी ठरवायला सांगतो. ज्याने मार्ग ठरवलेला नाही तो प्रत्येक नव्या कॅटलॉगला बळी पडतो. मगर हवी, ग्लेशियर हवी, ‘लाल बाण’ नावाची मोटरगाडी हवी. ज्याने बेर्निना ठरवली त्याला एक मोटरगाडी, एक प्रवासी डबा आणि ओंडक्यांच्या दोन वाघिणी पुरतात. ती गाडी पूर्ण आहे. तिच्यात कमी काही नाही. पुढच्या दिवाळीला फार तर बर्फ सारणारी गाडी घ्यावी. आणि ज्याला दोन्ही गेजची हौस आहे त्याने खूरच्या नादी लागण्याआधी गोशेनेन बघावं: गॉटहार्डच्या १५ किलोमीटरच्या बोगद्याचं उत्तरेचं तोंड, तिथे थांबलेली एसबीबीची गाडी, आणि शेजारून दात्यांच्या रुळावर आंडरमाटकडे चढणारी मीटर गेज. जागा चिंचोळी, दोन्ही बाजूंना कडे, म्हणजे फळीही चिंचोळी चालते. गाड्या बोगद्यात शिरतात, त्यामुळे मागचा रूळ लपवायला कारण मिळतं. १६.५ मिलिमीटरवर रोको किंवा हाग किंवा मेर्कलिनशी जुळणारं काहीही, १२ वर बेमो, रूळ पीकोचे किंवा टिलिगचे. चार कंपन्या एका फळीवर, आणि एकही गोष्ट खोटी नाही.

त्या मुलाला मी परवा फोन केला. वहीतलं पान फाडू नकोस, म्हटलं, पण त्याच्या आधी एक पान लिही: कुठे उभा आहेस आणि साल कोणतं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारलं, बेर्निनावर हिवाळ्यात रूळ कसे मोकळे ठेवतात? कंपनीबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

काका, पुढच्या बैठकीला मी साठ सेंटिमीटरची फळी घेऊन येतो. एका बाजूला १६.५ चा रूळ, दुसऱ्या बाजूला १२ चा, मधे फलाट, फलाटावर गाडी बदलणारी ती जुनी माणसं. तुम्ही चष्मा लावून समोर बसा. पट्टी तुमचीच आणा.